तपासले

चूक सापडली तेव्हा मी केळं खात होतो. मंगळवारची दुपार, गणित विभागाची वाचनखोली, खिडकीशी माझं नेहमीचं टेबल, आणि टेबलावर प्रमिला चौगुलेच्या मसुद्याची तेवीस पानं. सातवं पान, वरून नववी ओळ. ती ओळ मी एकदा वाचली, दोनदा वाचली, केळं तसंच हातात धरून तिसऱ्यांदा वाचली, आणि मला इतका आनंद झाला की मी उठून दार लावून घेतलं. सहा वर्षांत स्वतःची एखादी सिद्धता जमली तेव्हासुद्धा मी कधी दार लावून घेतलं नव्हतं.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि बेलवलकर सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. विषय क्रमनिरपेक्ष सेमीग्रुप आणि त्यांचे आयडियल. म्हणजे काय, असं कोणी नातेवाइकाने विचारलं की मी "फार वरचं गणित आहे" म्हणून विषय बदलायचो. लोकही सुटल्यासारखे हसायचे.

चौगुले तसं करत नसे. ती कागलकडच्या एका खेड्यातली, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, विभागात येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. त्या भागातल्या बायका बोलतात तसं 'मी आलो, मी बघतो' असं बोलायची, आणि विद्यापीठात आल्यावरही तिने ते बदललं नव्हतं. पहिल्याच महिन्यात सरांनी तिला विचारलं, "घरी काय सांगता, काय शिकते म्हणून?" मी मनात म्हटलं, आता बघू.

"आईला सांगितलं सर, वस्तूंचा एक ढीग घे," ती म्हणाली. "कुठल्याबी दोन मिसळल्या तर येणारी वस्तू ढिगातलीच पाहिजे. आणि आधी काय घातलं, नंतर काय घातलं, ह्यानं काही फरक पडायला नको. झाला सेमीग्रुप. आता त्यातल्या तिखट वस्तू बाजूला काढ. तिखटात काहीबी मिसळ, तिखटच होणार. त्या तिखट टोळीला म्हणायचं आयडियल."

"आणि प्राइम आयडियल?" सरांनी विचारलं.

"मिसळलेलं तिखट निघालं, तर दोघांतलं एक तरी आधीपासून तिखट असलंच पाहिजे. असं छातीठोक सांगता आलं, की ती टोळी प्राइम."

"मॅक्सिमल?"

"इतकी मोठी टोळी, की तिच्यात आणखी एकाला घ्यायचं म्हटलं तर अख्खा ढीगच आत घ्यावा लागतो."

बेलवलकर सर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "अरे वा!"

हे 'अरे वा' तुम्हाला कळायचं नाही. सर कंजूष माणूस. वर्षानुवर्षं डोकं फोडून आणलेल्या निकालावर ते "ठीक" म्हणायचे आणि चष्मा पुसायचे. सहा वर्षांत माझ्या वाट्याला 'अरे वा' तीनदा आलं होतं, तारखा मला पाठ होत्या. हिला ते मिरची-मसाल्याच्या जोरावर पहिल्या महिन्यात मिळालं. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलं नाही. सरांनी स्वतःच्या विद्यार्थिदशेतली टिपणांची वही तिला दिली, जी मी कधी लांबूनही पाहिली नव्हती. दुपारच्या चहाला सर पूर्वी माझ्या टेबलाशी यायचे, ते तिच्या टेबलाशी थांबू लागले आणि तिथूनच मला हाक मारू लागले. माझी एम.फिल.ची टिपणं तिला वाचायला द्या, असा हुकूम झाला तेव्हा मी ती दिली, पण देताना त्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, म्हणजे पानं मळू नयेत. ती मळवणारी नव्हती हे मला माहीत होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण त्या वर्षी विभागात अधिव्याख्यात्याची एक जागा निघाली. एकच. अर्ज माझाही होता, तिचाही. माझा पीएच.डी.चा प्रबंध टाइप होऊन चार प्रतींत बायंडरकडे गेला होता, येत्या सोमवारी जमा व्हायचा होता. तिचं तर अजून एकच प्रकरण लिहून झालेलं. कागदावर मी कितीतरी पुढे होतो. पण सहा वर्षं मी ज्या खोलीत बसलो, त्या खोलीत शिकवण्याची जागा तिला मिळणार अशी मला रोज सकाळी उठल्याबरोबर खात्री वाटायची. मिरजेला वडिलांना मी सांगून बसलो होतो की जागा माझीच आहे.

निवड समितीवर बाहेरचे तज्ज्ञ म्हणून नागपूरचे प्राध्यापक पिंपळखुटे येणार होते. मुलाखती पुढच्या पंधरवड्यात होत्या, पण सरांनी त्यांना आधीच्या शनिवारी विभागात बोलावून घेतलं. आमच्याकडे शनिवारी तीन वाजता 'फळा' असायचा. ज्याची पाळी असेल त्याने हातात एकही कागद न घेता फळ्यापाशी उभं राहून आपलं काम मांडायचं. ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही मध्येच अडवता यायचं. पिंपळखुट्यांसमोरची पाळी चौगुलेची होती. माझी त्याआधीच्या शनिवारी होऊन गेली होती, आणि ती ऐकायला विभागातले पाचजण आणि भिंतीवरची पाल एवढेच हजर होते.

आता तपासणीचं सांगतो. सरांचा कडक नियम होता, की फळ्यावर जाण्याआधी मसुदा दुसऱ्या संशोधकाने ओळ न ओळ वाचायचा, शेवटच्या पानावर लाल शाईने 'तपासले' असं लिहायचं आणि सही करायची. पुढे चूक निघाली तर सर म्हणायचे, निम्मी लिहिणाऱ्याची, निम्मी तपासणाऱ्याची. चौगुलेचा मसुदा तपासायला माझ्याकडे आला होता. म्हणून त्या मंगळवारी मी केळं खात तिची तेवीस पानं वाचत होतो.

पान सातवर तिने एक लेमा, म्हणजे पुढच्या कामाला आधार देणारं छोटं प्रमेय, सिद्ध केला होता: क्रमनिरपेक्ष सेमीग्रुपमधला मॅक्सिमल आयडियल प्राइम असतो. पुढचं सगळं प्रकरण या लेमावर उभं होतं. सिद्धता सुंदर होती, हे कबूल करतो. ती टोळीबाहेरचा एक घटक घेते, त्याला ढिगातल्या प्रत्येकाशी गुणते, येणारी उत्तरं टोळीत घालते आणि म्हणते, बघा, टोळी मोठी झाली. टोळी मॅक्सिमल असल्यामुळे ती आता अख्खा ढीगच झाली. पण टोळी मोठी झाली कशावरून? तो घटक स्वतः त्या उत्तरांत असेल तरच ना! ज्या ढिगात 'एक'सारखा कोणी असतो, ज्याच्याशी गुणलं तरी आपण जसेच्या तसे राहतो, तिथे हे आपोआप होतं. आम्ही सगळे आधी रिंग, म्हणजे बेरीज आणि गुणाकार दोन्ही असलेल्या रचना, शिकून आलेलो, तिथे हा 'एक' घरचाच असतो, तो आहे हे कोणी बोलूनही दाखवत नाही. सेमीग्रुपमध्ये तो असेलच असं नाही. एक, दोन, तीन, चार अशा संख्या घ्या, शून्य घेऊ नका, आणि मिसळणं म्हणजे बेरीज समजा. एकमध्ये त्यांतलं काहीही मिळवा, उत्तर एक येणार नाही. जो सगळ्यांना भेटून आला तोच उत्तरांतून गायब.

मी पेन्सिल उचलली आणि त्या ओळीवर टेकवली. पेन्सिल तिथे किती वेळ होती सांगता येणार नाही. मग मी ती खाली ठेवली. शनिवारी पिंपळखुटे समोर बसलेले असतील, हे आधी मनात आलं. पिंपळखुट्यांची ख्याती अशी, की मेलेल्या माणसाच्या सिद्धतेतलीही चूक ते सोडत नाहीत. तपासणारा म्हणून निम्मी चूक माझ्या माथी येईल, हे त्यानंतर आलं. मी हिशेब केला. 'नजरेतून सुटलं' म्हणालो तर काय होईल? सर दोन दिवस रुसतील. माझा सबंध प्रबंध तयार होता, निम्म्या चुकीने माझं काही बिघडणार नव्हतं. तिचं मात्र सगळं त्या पानावर होतं.

बुधवारी सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली.

"अहो टोणपे, वाचून झालं काय?"

"झालं. चौथ्या पानावर एक खूण राहिलीय, अकराव्यावर आकडा चुकलाय. बाकी स्वच्छ आहे."

ती उभीच राहिली. "पान सात बघितलासा का नीट? तिथं माझं मन जरा खुपतंय. काय खुपतंय ते सापडंना. चारदा लिहिलं बघा ते."

हे मी विसरलेलो नाही. तिने स्वतः बोट ठेवून विचारलं होतं.

"पान सात?" मी पानं उलटली, ते पान काढलं, त्याच्याकडे बघितल्यासारखं केलं. "ठीक आहे की. उलट सगळ्यात नीटनेटकं तेच आहे."

"तुम्ही बघितलं म्हणजे झालं," ती म्हणाली आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग मी आता पाठ करत बसतो."

मी लाल पेन काढलं, शेवटच्या पानावर 'तपासले' लिहिलं, खाली सही ठोकली. सही नेहमीपेक्षा जरा मोठीच आली.

त्यानंतरचे तीन दिवस मी फार गोड वागलो. तिला दोनदा चहा पाजला. ती फळ्यासमोर उभी राहून तालीम करायची आणि मी मागच्या बाकावर बसून "जरा हळू", "अक्षर मोठं काढा" अशा सूचना द्यायचो. सर दारातून डोकावून म्हणाले, "टोणपे, चांगलं करताय. एकमेकांना धरून असावं." मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मला वाटत होतं, शनिवार लवकर यावा.

शनिवारी खोली भरली होती. पिंपळखुटे पहिल्या बाकावर, पोटावर हात बांधून, डोळे अर्धे मिटून. त्यांच्या शेजारी बेलवलकर सर, मांडीवर चौगुलेचा मसुदा. मी तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला, जिथून तिचा चेहराही दिसेल आणि सरांचाही. चौगुले हिरवं सुती लुगडं नेसून आली होती. तिने खडू घेतला, पदर खोचला आणि सुरुवात केली.

पहिली वीस मिनिटं ती अशी बोलली की मी माझा बेत विसरून ऐकत राहिलो. मग लेमा आला. तिने विधान लिहिलं, टोळीबाहेरचा घटक घेतला, त्याला सगळ्यांशी गुणलं.

"म्हणून टोळी मोठी झाली," ती म्हणाली.

"का बरं?" पिंपळखुट्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"कारण हा नवा घटक आता आत आला."

"कुठून आला? तुम्ही तर त्याचे गुणाकार घेतले. तो स्वतः कुठे दिसतोय मला?"

चौगुले वळली. फळ्याकडे बघत राहिली. मी तिच्या मानेकडे बघत होतो. ती मान हळूहळू लाल होत गेली, कानापर्यंत. तीन दिवस मी ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि तो मला आवडला. उगाच खोटं कशाला सांगू? पोटात थंडगार वाटलं.

"एक, दोन, तीन, बेरीज," पिंपळखुटे म्हणाले. "करून बघा."

तिने फळ्याच्या कोपऱ्यात आकडे लिहिले. दोन आणि त्यापुढचे सगळे आकडे एका वळशात घेतले. ही टोळी मॅक्सिमल, कारण बाहेर एकटा एकच उरला. आणि एक अधिक एक दोन, जे टोळीत. बाहेरचे दोघे मिसळले आणि उत्तर आत गेलं.

"हळद लाल नाही, चुना लाल नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मिसळलं की लाल." मग खडू खाली घेऊन म्हणाली, "लेमा खोटा आहे, सर."

बेलवलकर सरांनी मसुदा उलटा करून शेवटचं पान काढलं.

"टोणपे, हे तुम्ही तपासलं होतं?"

मी उभा राहिलो. वाक्य तयार होतं. "हो सर. नजरेतून सुटलं."

"सहा वर्षं या विषयात आहात तुम्ही."

"चूक झाली, सर."

सर चष्मा पुसत बसले. मी खाली बसलो. ठरल्यापेक्षा जास्त लागलं, पण म्हटलं, चालेल. आता ती खडू ठेवेल आणि बसेल.

तिने खडू ठेवला नाही. "मला जरा वेळ द्या, सर," असं म्हणून ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. दोन मिनिटं गेली असतील. पिंपळखुट्यांनी घड्याळ बघितलं नाही, याचं मला नवल वाटलं.

"ह्या एकाचं दुखणं काय आहे?" ती बोलू लागली, आणि आता ती आम्हाला सांगत नव्हती, त्या एकालाच विचारत होती. "हा कुणा दोघांच्या मिसळण्यातनं आलेलाच नाही. ह्याच्या पाठीमागं कुणी नाही. मग असे घटकच नकोत म्हणू. ढिगातला प्रत्येकजण कुणातरी दोघांचा गुणाकार असलाच पाहिजे, अशी अट घालू. आता समजा, बाहेरच्या एकाला घेतलं आणि टोळी मोठी झालीच नाही. म्हणजे त्याला कुणाशीबी गुणलं तरी उत्तर टोळीतच पडतंय. असे जेवढे असतील तेवढे सगळे गोळा करू. ह्यांचीबी एक टोळी झाली, ती पहिलीपेक्षा मोठी. पहिली मॅक्सिमल, म्हणून ही अख्खा ढीग. म्हणजे कुणालाबी कुणाशीबी गुणलं तरी उत्तर पहिल्या टोळीत." ती थांबली, मागे वळली. "पण प्रत्येकजण गुणाकारच आहे. मग सगळेच टोळीत. मग बाहेर कोण होतं? कुणीच नाही. जमत नाही. म्हणून टोळी मोठी होतीच होती. एवढी अट घातली, की बाकीची सिद्धता आहे तशी उभी राहती."

पिंपळखुट्यांनी डोळे पूर्ण उघडले होते. "हे आत्ता सुचलं?"

"हां सर."

"अट पुस्तकांत आहे," पिंपळखुटे म्हणाले. "तुम्ही वाचली होती?"

"नाही सर. असली तर बरंच आहे."

पिंपळखुटे हसले. तो माणूस हसतो हे विभागात कोणाला माहीत नव्हतं. "पुढे चला," ते म्हणाले, आणि मग, "थांबा. ते मूळ खोटं विधान कुठून उचललं होतं तुम्ही?"

चौगुलेने खोलीवरून नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली, अर्धा क्षण.

"कुठंतरी वाचलेलं, सर. आता आठवत नाही."

तिला आठवत नाही! जिला वाचलेल्या प्रत्येक गोष्टीचं पान आणि ओळ पाठ, तिला आठवत नाही? मला काही उमगलं नाही. मी त्यावर फार विचारही केला नाही, कारण पिंपळखुटे मान डोलावत होते, सर पुढे वाकून ऐकत होते, आणि माझ्या हेव्याने आता इतका जोर धरला होता की डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. मी खड्डा खणला होता, आणि ती त्यात उभी राहून आणखी उंच दिसत होती.

साडेपाचला मी सायकलस्टँडवर कुलूप काढत होतो. चौगुले जवळजवळ पळतच आली.

"टोणपे, थांबा. तुमचा प्रबंध सोमवारी जमा होणार काय?"

"हो. का?"

तिने इकडेतिकडे बघून आवाज खाली घेतला. "ते विधान तुमचं आहे. एम.फिल.च्या टिपणांत, प्राथमिक गोष्टींच्या पानावर. तुम्ही लिहिलंय, मॅक्सिमल आयडियल प्राइम असतो हे सर्वश्रुत आहे. मला सर्वश्रुत नव्हतं म्हणून मी सिद्धता लिहायला बसलो. आणि तुमच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात ती ओळ आहे. मी मागच्या महिन्यात तुमची प्रत तपासली न्हवं, तेव्हा वाचलेली. तीनदा वापरलीय तुम्ही. माझ्याबी ध्यानात आलं नाही तेव्हा."

कुलूप माझ्या हातातच राहिलं.

मी तिचं पान सात किती वेळा वाचलं होतं! चूक ओळखली होती, उदाहरण शोधलं होतं, मनातल्या मनात मिटक्या मारल्या होत्या. आणि चार दिवसांत एकदाही, एकदाही माझ्या मनात आलं नाही की हे वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे. तिच्या अक्षरात ती चूक होती. माझ्या अक्षरात ते सर्वश्रुत होतं.

"आत सांगितलं नाही मी," ती म्हणाली. "पिंपळखुटे सरांसमोर कशाला? मुलाखत आहे तुमची. उद्या रविवार. बायंडरकडनं प्रती परत आणा. माझी ती अट तुमच्या तिसऱ्या प्रकरणात घातली की सगळं उभं राहतंय, मी मनात करून बघितलं. अकरा पानं बदलावी लागतील. टायपिंगच्या दोन परीक्षा झाल्यात माझ्या, मी करतो. माझं नाव कुठं घालू नका, उगं चर्चा होईल."

रविवारी सकाळी मी बायंडरच्या घरी जाऊन त्याला उठवलं आणि चारही प्रती काढून आणल्या. विभागाची चावी चौगुलेने सरांकडून घेतली होती, काय कारण सांगितलं ते तिलाच ठाऊक. आम्ही कार्यालयातल्या टाइपरायटरपाशी बसलो. मी वाचून दाखवायचो, ती टाइप करायची, चिन्हांसाठी जागा सोडायची, आणि ती चिन्हं मी काळ्या शाईने भरायचो. डब्यात तिने भाकरी आणि ठेचा आणला होता. दोघांना पुरेल एवढा.

सातवं पान होईपर्यंत मी तग धरला. मग मला बसवेना.

"चौगुले बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या मंगळवारी..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"काय माहीत आहे?"

"खोटं कशाला बोलू? काल सरांनी तुम्हाला उभं केलं तेव्हा माझ्या मनात आलं, की ह्यांनी मुद्दाम सोडलं का काय. पान सात बघा म्हणून मी स्वतः सांगितलेलं, आणि जागा एकच आहे. फळ्यावर उभा होतो आणि डोक्यात हे. लई वाईट वाटलं." तिने कागद फिरवून वर काढला, अक्षरं नीट उठली का बघितलं. "मग म्हटलं, छे. सिद्ध करून बघू. समजा ह्यांना चूक दिसली. तर ह्यांनी पहिल्यांदा काय केलं असतं? पळत जाऊन स्वतःचा प्रबंध परत आणला असता. सोमवारी जमा व्हायचं प्रकरण, सहा वर्षांचं काम, कोण असं तसंच सोडंल? पण प्रबंध तर बायंडरकडंच होता. म्हणजे दिसलीच नव्हती. झालं. तेवढ्यावर माझ्या मनातनं गेलं ते. उलट तुमच्यावर संशय घेतला म्हणून मलाच टोचत होतं, म्हणून सांगून टाकलं."

तिच्या त्या सिद्धतेत मला एकही ओळ चुकीची दाखवता आली नसती. चूक होती ती फक्त माझ्यात होती, आणि ती मी सांगितल्याशिवाय जगात कोणाला कळणार नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. तोंड उघडून दोन वाक्यं बोलायची होती. मुलाखतीला दहा दिवस होते.

"नाही दिसली," मी म्हणालो. "खरंच नाही दिसली."

"तेच की," ती म्हणाली आणि नवा कागद चढवला. "तुम्ही काय सांगत होता?"

"काही नाही. बारा नंबरचं वाक्य परत घ्या."

जागा तिला मिळाली. मला सोमवारी जमा केलेल्या प्रबंधावर त्याच वर्षी पीएच.डी. मिळाली, आणि परीक्षकांनी अहवालात तिसऱ्या प्रकरणातल्या एका अटीचं खास कौतुक केलं. मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलं. चौगुले पुढे विभागप्रमुख झाली. तिचा हेवा मला अजूनही वाटतो, पण तो आता तिच्या डोक्याचा नाही. माझ्याबद्दल इतकं चांगलं मला स्वतःला कधी वाटलं नाही, आणि तिला ते किती सहज वाटलं होतं!

अधूनमधून तिचा एखादा विद्यार्थी माझ्या गावी येतो, पत्ता काढत घरी येतो. हा लेमा शिकवताना ती दर वर्षी वर्गात माझं नाव घेते म्हणे. "मॅडम सांगतात, सर, ती चूक त्यांच्याही लक्षात आली नव्हती आणि तुमच्याही," पोरं कौतुकाने म्हणतात. "मग तुम्ही दोघांनी बसून दुरुस्त केली. खरं का, सर?"

मी त्यांना चहा देतो आणि हो म्हणतो.